बागेतल्या अनोळखी झाडांची नावं पुन्हा पुन्हा चुकतात? कारणं आणि उपाय

अडचण बहुतेक वेळा अशी असते. लावलेली बाग आयती हाती येते, पण कुठे काय लावलं होतं याची नोंद मिळत नाही. झाडाचा फोटो ॲपमध्ये टाकला की आज एक नाव येतं, आठवड्याने दुसरं. पाहायला आलेला माणूस तिसरंच सांगतो. मग तण समजून उपटलेलं रोप चांगलं फुलझाड निघतं आणि हौसेने पाणी घातलेलं तण सगळा वाफा व्यापतं. जरा कुठे ओळख पटू लागते, तोवर ऋतू बदलतो आणि मातीतून आणखी चार अनोळखी कोंब वर येतात.

नाव चुकतं ते पुरावा अपुरा असतो म्हणून. एका पानाच्या फोटोवरून झाड ओळखणं म्हणजे नुसत्या कोपरावरून माणूस ओळखण्यासारखं आहे. म्हणून आधी झाड जिथे आहे तिथे जपायचं, मग त्याच्या खुणा गोळा करायच्या, खुणांवरून कूळ, म्हणजे जवळच्या नात्यातल्या झाडांचा गट, ठरवायचं आणि नाव सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

आधी कात्री बाजूला ठेवा

पूर्ण एक वर्ष मोठी छाटणी आणि खोदकाम टाळा. फूल आणि फळ या सर्वांत भरवशाच्या खुणा आहेत. बरीच झाडं मागच्या हंगामात वाढलेल्या फांदीवरच फुलतात, त्यामुळे चुकीच्या वेळी छाटलं की त्या वर्षीचं फूल जातं आणि ओळख वर्षभर लांबते. वाटेवर आलेल्या काटेरी फांद्या आणि खरोखर वाळलेलं लाकूड काढायला हरकत नाही.

वाळलंय की नाही हे नजरेने ठरवू नका. फांदीच्या टोकापासून खाली येत दर वीतभर अंतरावर नखाने साल जराशी खरवडा. आतला थर हिरवा आणि ओलसर असेल तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडा असेल तर आणखी खाली पाहा. पानगळीची झाडं अशीच मेलेली समजून तोडली जातात. पांढरा चाफा, म्हणजे प्लुमेरिया, पानं गळल्यावर जाड, बोथट, करड्या काठ्यांसारखा दिसतो. पण त्याच्या फांदीवर गळलेल्या देठांचे ठळक वण असतात, आणि निष्पर्ण अवस्थेतही तेवढ्यावरून तो ओळखता येतो.

रिकामी दिसणारी जागा रिकामी असेलच असं नाही. भुईचाफा, गुलछडी, फुटबॉल लिली, कळलावी, सुरण ही कंदवर्गातली झाडं वर्षातले काही महिने जमिनीखाली झोपलेली असतात. त्यात आणखी एक घोळ आहे. भुईचाफ्याचं फूल पानांच्या आधी थेट मातीतून येतं, पानं नंतर. सुरणाचंही फूल आणि पान वेगवेगळ्या वेळी वर येतं. त्यामुळे एकाच कंदाची दोन वेगळी झाडं म्हणून नोंद होते आणि दोन्ही नोंदी अर्धवट राहतात. जागेचा नकाशा असेल तर हे लगेच लक्षात येतं.

नकाशा साधाच पुरतो. १ सेंटिमीटरला १ मीटर असं प्रमाण घ्या. भिंतीचा कोपरा किंवा फाटक असे न हलणारे दोन बिंदू धरून प्रत्येक झाडाचं अंतर मोजा आणि झाडाला क्रमांक द्या. हाच क्रमांक फोटोवर, वहीत आणि झाडावर हवा. झाडावरच्या पट्टीवर ‘पर्मनंट’ मार्करने लिहिलेलं उन्हात काही महिन्यांत पुसट होतं. मऊ शिसपेन्सिलीने खरखरीत प्लास्टिकवर लिहिलेलं त्याहून जास्त टिकतं, आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर बोथट खिळ्याने दाबून काढलेला आकडा सर्वांत जास्त. पट्टी बांधताना तारेचा फास फांदीच्या घेराच्या निदान दुप्पट ठेवा. घट्ट तार वर्षभरात सालीत रुतते आणि वरची फांदी मरते.

नकाशा काढताना लावलेलं आणि आपोआप उगवलेलं यातला फरकही दिसू लागतो. सारख्या अंतरावर ओळीत असलेली किंवा आळं केलेली झाडं कुणीतरी लावलेली असतात. कुंपणाच्या तारेखाली, मोठ्या फांदीखाली, भिंतीच्या भेगेत उगवलेली रोपं बहुधा पक्ष्यांनी आणलेल्या बियांची. वड, पिंपळ, उंबर, तुती, कडुनिंब, घाणेरी यांचा संशय आधी अशाच जागी घ्यायचा. भेगेतला पिंपळ बोटभर असतानाच काढायला हवा, कारण मुळं जाड झाली की भिंत फोडल्याशिवाय तो निघत नाही. वर्षभर थांबण्याच्या नियमाला हा अपवाद.

पान समजून पर्णिका पाहिली जाते

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि ॲपच्या चुकांचं मूळही बऱ्याचदा इथेच असतं.

कडुनिंबाच्या डहाळीवरचं एक छोटं, करवती कडेचं पातं तोडून फोटो काढला, तर तो अख्ख्या पानाचा फोटो होत नाही. ते पातं म्हणजे एक पर्णिका. मधल्या लांब देठासकट सगळं मिळून एक पान, त्याला संयुक्त पान म्हणतात. ही पर्णिका आहे की पान, हे ठरवायची कसोटी पक्की आहे: बगलेत डोळा शोधा. पान जिथे फांदीला जुळतं, त्या कोनात बारीक कळी, म्हणजे डोळा असतो. पर्णिकेच्या बगलेत तो नसतो. दुसरी खूण टोकाची. फांदीच्या टोकाला वाढीचा कोंब असतो, संयुक्त पान मात्र पर्णिकेवर किंवा नुसत्या दांडीवर संपतं.

एवढं पाहिलं तर कडुनिंब आणि बकाणा यांचा नेहमीचा गोंधळ सुटतो. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं असतं, एका मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी पर्णिका. बकाण्यात त्या दांडीला आणखी दांड्या फुटतात आणि पर्णिका त्यांच्यावर असतात. बकाण्याची फुलं जांभळट, फळं गोल आणि पान गळल्यावरही घोसाने लटकत राहणारी. ती विषारी असतात, म्हणून हा फरक कळायलाच हवा.

नंतर पानांची मांडणी पाहा. एका पेरावर एकच पान असेल तर एकाआड एक, दोन असतील तर समोरासमोर, तीन किंवा जास्त असतील तर मंडलाकार. कण्हेरीची पानं बहुधा तीन-तीनच्या मंडलात असतात, तर तशाच लांबट पानांच्या, पिवळ्या फुलांच्या बिट्टीची एकाआड एक, फांदीभोवती फिरत जाणारी. अलमांडाही पिवळाच, पण पानं मंडलात आणि फळ काटेरी. बिट्टीचं फळ कठीण, कोनदार. हे सगळं फुलाची वाट न पाहता, नुसत्या वीतभर डहाळीवर कळतं. मात्र ती डहाळी जुन्या, पक्व भागातली घ्या. टोकाच्या कोवळ्या भागात पेरं इतकी जवळ असतात की मांडणी ओळखताच येत नाही.

कूळ ठरवणाऱ्या चार चाचण्या

यासाठी एक १० पट भिंग हवं. भिंग डोळ्याला टेकवून धरायचं आणि पान त्याच्या जवळ आणायचं. हात लांब करून धरलं तर काही दिसत नाही.

पहिली चाचणी चिकाची. हातमोजे घालून कोवळ्या पानाचा देठ तोडा आणि दहा सेकंद थांबा. सकाळी करा. उन्हाने सुकलेल्या झाडात चीक येत नाही आणि ‘चीक नाही’ अशी चुकीची नोंद होते. पांढरा चीक आला तर रुई, तगर, पांढरा चाफा यांचं कूळ, वड-फणसाचं कूळ किंवा शेर, पॉइनसेटिया यांचं कूळ, इतका शोध आवळतो.

त्यालाच जोडून दुसरी, फांदीवरच्या कड्याची. प्रत्येक पेराशी फांदीला पूर्ण वेढा घालणारी बारीक रेघ दिसते का? कोंबाला गुंडाळून बसलेलं उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं छोटं पातं, गळून पडल्यावर राहिलेला तो वण असतो. कडं आणि पांढरा चीक दोन्ही असतील तर झाड बहुधा वड, पिंपळ, रबर किंवा फणसाच्या कुळातलं. कडं आहे पण चीक नाही, तर सोनचाफ्याचं कूळ तपासा.

तिसरी चाचणी उजेडाची. पान उन्हाकडे धरून भिंगातून पाहा. पारदर्शक बारीक ठिपके दिसले आणि चुरगळल्यावर वास आला तर लिंबू, कढीपत्ता, कुंती यांचं कूळ धरा. पण ठिपके पेरू, जांभूळ, निलगिरी यांतही असतात. तिथे सहसा पानाच्या कडेला समांतर धावणारी एक शीर दिसते, ती लिंबाच्या कुळात नसते.

चौथी वासाची. चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि वास, ही तुळशीच्या कुळाची खूण म्हणून सांगतात आणि ती बरीचशी खरी आहे. पण घाणेरीचंही खोड चौकोनी, पानं समोरासमोर आणि वास उग्र, शिवाय खोडावर बारीक आकडे. दोन झाडांच्या मध्ये हात धुवा. आधीचा वास बोटांवर राहतो आणि पुढची तीन झाडं सुगंधी ठरतात.

या चाचण्यांचा उपयोग एका नेहमीच्या कोड्यात पाहा. गडद हिरवी, चकचकीत, समोरासमोर पानं आणि पांढरी सुवासिक फुलं असं वर्णन तगर, अनंत आणि मोगरा तिघांनाही लागू पडतं. देठ तोडल्यावर पांढरा चीक आला तर तगर. चीक नाही, पण पेराशी दोन देठांच्या मधोमध उपपर्णांचं पातळ आवरण आहे, तर अनंत. हीच खूण इक्झोरा आणि मुसेंडातही दिसते, तिघं एकाच कुळातली. चीकही नाही आणि उपपर्णंही नाहीत, तर मोगऱ्याकडे जा. आणि पांढऱ्या फुलांचं ते झुडूप संयुक्त, एकाआड एक पानांचं निघालं, तर ही कुंती, ती मोगऱ्याच्या कुळातली नाहीच.

गवतासारख्या दिसणाऱ्यांसाठी खोड बोटांत फिरवून पाहा. तीन कडा लागल्या आणि पानं तीन रांगांत असली तर लव्हाळ्याचं कूळ. गवताचं खोड गोल, त्यावर पेरं आणि पानं दोन रांगांत. हा फरक महत्त्वाचा, कारण लव्हाळा उपटला तरी जमिनीतल्या गाठी राहतात आणि काही दिवसांत तो परत येतो. पानं अळूसारखी, हळदीसारखी की कर्दळीसारखी, असा प्रश्न पडला तर पान चुरगळा: हळद, आलं, सोनटक्का यांना वास येतो, कर्दळीला येत नाही.

एकच झाड दोन रूपांत, एका खोडावर दोन झाडं

पानं जुळत नाहीत म्हणून बरोबर नाव सोडून दिलं जातं, तेव्हा वयाचा विचार राहिलेला असतो. निलगिरीच्या रोपाची पानं रुंद, समोरासमोर आणि बिनदेठाची असतात, मोठ्या झाडाची लांब, कोयत्यासारखी आणि एकाआड एक. फणसाच्या कोवळ्या रोपाला खाचा पडलेली पानं येतात, मोठेपणी ती अखंड होतात. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रोपाला पहिली काही पानं बारीक पर्णिकांची येतात. नंतर जे रुंद पानासारखं दिसतं, तो खरं तर चपटा झालेला देठ असतो. मनी प्लांट कुंडीत तळहाताएवढ्या पानांचा दिसतो, झाडावर चढला की पानं कितीतरी मोठी होतात आणि चिरलेलीही. म्हणून रोपाचा फोटो मोठ्या झाडाच्या चित्राशी ताडून पाहू नका, आणि बी उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांवर, म्हणजे बीजपत्रांवर, तर अजिबात अंदाज करू नका. निदान चार-पाच खरी पानं येऊ द्या. एकसारखी रोपं पुष्कळ असतील तर दोन-तीन राखून बाकीची विरळ करा.

याच्या उलट कलमाची भानगड. गुलाबाच्या एकाच बुंध्यावर दोन तऱ्हेची पानं किंवा फुलं दिसली, तर खालचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते मुळाकडचं झाड, फुटला आहे असं समजा. ‘सात पर्णिका म्हणजे जंगली, पाच म्हणजे कलमी’ हा नियम भरवशाचा नाही, कारण बऱ्याच चांगल्या गुलाबांनाही सात पर्णिका येतात. फुटवा कुठून निघाला ते पाहा. बुंध्यालगतची माती हळूच बाजूला करून कलमाची फुगीर गाठ शोधा. गाठीच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा. तो कात्रीने कापला तर पुन्हा फुटतो, म्हणून जिथून निघाला तिथून ओढून काढा. लिंबूवर्गीय झाडात तीन पर्णिकांच्या पानांचा, काटेरी फुटवा बुडाशी दिसला तर तोही बहुधा खुंटाचाच. रंगीत पानांच्या झाडावर एखादीच फांदी पूर्ण हिरवी असेल, तर ती मूळ रूपाकडे परत गेलेली फांदी, दुसरं झाड नव्हे.

ॲप का चुकतं आणि त्याला काय द्यायचं

प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट, गूगल लेन्स ही साधनं दिशा दाखवण्यापुरती चांगली आहेत. ती चित्राशी चित्र ताडतात. चीक, वास, काठाशी धावणारी शीर, उपपर्ण यांतलं बरंचसं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. बागेसाठी तयार केलेले वाण, दुहेरी फुलं आणि रंगीत पानं यांत चुका वाढतात. दाखवलेली टक्केवारीही खात्रीचं माप मानू नका. हातात आहेत त्या नावांपैकी हे जास्त जुळतं, एवढाच तिचा अर्थ.

फोटो पाच प्रकारचे हवेत: पूर्ण झाड, शेजारी मोजपट्टी ठेवून, पाच-सहा पेरं दिसतील अशी डहाळी, पानाची वरची आणि खालची बाजू, फूल समोरून, बाजूने आणि मागून, आणि फळ, शक्य असेल तर एक आडवं कापून. मागची बाजू जवळजवळ सगळे विसरतात, पण फुलाखालची निदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरची बहुधा हिरवी दलं, तिथेच दिसतात. जास्वंदीच्या कुळात त्यांच्याही खाली आणखी एक बारीक वर्तुळ असतं. भर दुपारचं ऊन आणि फ्लॅश टाळा, सावलीत, मागे साधा करडा किंवा पांढरा कागद धरून फोटो काढा. प्लांटनेटमध्ये फोटो पानाचा की फुलाचा हे निवडता येतं, ते चुकीचं निवडू नका. आयनॅचरलिस्टवर लावलेलं झाड ‘लागवडीचं’ म्हणून नोंदवणं बरोबर, पण अशा नोंदींकडे ओळखणाऱ्यांचं लक्ष कमी जातं हेही धरून चाला.

मिळालेलं नाव उलटं तपासा. त्या नावाचं वर्णन काढून मांडणी, चीक, उपपर्ण आणि फळ या चारही खुणा जुळतात का ते पाहा. एक जरी ठामपणे चुकली तर नाव सोडा, मग फोटो कितीही हुबेहूब दिसो.

मराठी नावाने शोधताना तर आणखी सांभाळा. चाफा हा शब्द घ्या. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया, पांढरा चाफा प्लुमेरिया, हिरवा चाफा आर्टाबोट्रिस ही वेल, नागचाफा मेसुआ, भुईचाफा हळदीच्या कुळातला कंद. पाच नावं, पाच कुळं. अशोक म्हणून सरळसोट वाढलेलं झाड बहुधा हिरवा अशोक असतो, नारिंगी-लाल फुलांचा सीता अशोक वेगळा. ब्राह्मी म्हणून दोन वेगळी झाडं दाखवली जातात: एक बारीक, मांसल, समोरासमोर पानांची, दुसरी लांब देठाच्या गोल पानांची. म्हणून वहीत मराठी नावासोबत शास्त्रीय नावही लिहा. ते कधी बदललं तरी जुन्यावरून नवं सापडतं.

ओळख पटेपर्यंत विषारीच समजा

चव घेऊन ओळखण्याची पद्धत कुठल्याही झाडाला लावू नका. कण्हेर आणि बिट्टी यांच्या सर्व भागांतली द्रव्यं हृदयावर परिणाम करतात. कण्हेरीच्या काटक्या जाळूही नका, धूर घातक असतो. एरंड आणि गुंज यांच्या बिया, धोत्रा, कळलावीचा कंद ही नावं लहान मुलं असलेल्या घरात आधी शोधायची. कळलावीच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असतं, फुलाआधीच ती ओळखता येते. कर्ण्यासारखं फूल उभं असेल तर धोत्रा आणि खाली लोंबतं असेल तर ब्रुगमॅन्सिया, दोन्ही विषारी. डिफेनबाखियाच्या रसातले सूक्ष्म स्फटिक तोंडात टोचून जीभ सुजवतात. शेराच्या जातींचा चीक डोळ्यात गेला तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे जा. गाजरगवताने कातडीला खाज आणि चट्टे येतात, ते हातमोजे घालून आणि फुलायच्या आधी काढा.

तरीही नाव मिळत नसेल तर

फूल असलेली २५-३० सेंटिमीटरची डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वजनाखाली ठेवा. एक पान उलटं ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. पहिले चार दिवस रोज कागद बदला, पुढे एक दिवसाआड. बदलला नाही तर बुरशी येते आणि पानं काळी पडतात. साधारण आठ-दहा दिवसांत नमुना सुकतो. फुलाचा रंग, वास, झाडाची उंची आणि तारीख त्याच दिवशी लिहा, कारण वाळल्यावर यातलं काही उरत नाही. जवळच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा वनस्पती उद्यानात फोटोपेक्षा असा नमुना जास्त उपयोगी पडतो.

काही नोंदी कुळापाशी थांबतील, त्या तशाच ठेवा: ‘क्रमांक १४, अनंताचं कूळ, फूल पाहायचं आहे’. दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच कोनातून एक फोटो काढत राहा. आणि प्रजाती कळल्यावर वाणाच्या मागे फार धावू नका. गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांचे वाण इतके आहेत आणि एकमेकांना इतके जवळचे, की लावताना ठेवलेली पट्टी नसेल तर फोटोवरून वाणाचं नाव खात्रीने देता येत नाही. तिथे ‘जास्वंद, दुहेरी, पिवळी, मध्यभागी लाल’ ही नोंद अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा जास्त खरी असते.